जिराफघराची कमान

मित्रांनो, मी प्राणिसंग्रहालयातलं एक जुनं जिराफघर आहे. माझ्या दारावर आज साधा पत्रा आहे. पूर्वी तिथे दगडी कमान होती. ती कशी गेली, ते सांगतो ऐका.

मला बांधलं तेव्हा इथली जिराफीण अगदी पिल्लू होती. गवंड्याने तिलाच मापाला उभं केलं, वर हातभर जागा सोडली आणि कमान बसवली. पिल्लू वाढतं, हे त्या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही! पण कमानीवरची वेलबुट्टी अशी सुरेख, की लोक आधी माझा फोटो काढत आणि मग जिराफिणीचा. मलाही गर्व चढला.

तिची देखभाल करणारे काका तिला लंबूताई म्हणत. लंबूताई मोठी झाली आणि रोज मान खाली घालून बाहेर जाऊ लागली. अशी वीस वर्षं गेली. मग म्हातारपणी तिची मान आखडली. एका सकाळी ती दारापर्यंत आली, थबकली आणि मागे फिरली. नऊ दिवस तिने ऊन पाहिलं नाही. चाराही सोडला.

काका प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांकडे गेले. "साहेब, कमान काढा. नाहीतर ताई आतच जीव सोडेल."

"अहो, ती कमान ऐतिहासिक आहे! ताईला म्हणावं, जरा वाकून जा."

काका परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या कचेरीच्या दारात छातीएवढ्या उंचीवर आडवा बांबू बांधला. साहेब वाकून आत, वाकून बाहेर. दुपारपर्यंत कमरेत उसण भरली.

"हा आगाऊपणा कुणाचा?"

"माझा. तुमचा अर्धाच दिवस झालाय, साहेब. ताईची वीस वर्षं झाली."

साहेब कंबर धरून तसेच माझ्याकडे आले आणि लंबूताईकडे बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. छिन्नी लागली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

कमान उतरली. लंबूताई दाराशी आली आणि सवयीने थांबली.

"चल गं बाई," काका म्हणाले, "आता वाकायचं नाही."

ती ताठ मानेने बाहेर गेली. काकांनी डोळे पुसले. पुढे दोन वर्षं ती रोज उन्हात उभी राहिली.

आता माझा फोटो कुणी काढत नाही. मित्रांनो, घरं जरूर सजवा, जपा. फक्त आत राहणाऱ्याचं माप मधूनमधून पुन्हा घेत जा.