कागदावरची बाई

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आम्ही चौघी होतो आणि आमच्या डोक्यावर एक मार्गदर्शक मॅडम. समोर बसलेल्या माणसाशी आम्ही काय बोललो, काय बोलायला हवं होतं, हे त्या दर गुरुवारी आमच्या टिपणांवरून तपासायच्या. दोघी त्यांना आईसारखं मानायच्या, तिसरी फौजदार म्हणायची. माझ्या लेखी त्या सासूबाई होत्या, चुका काढायलाच बसलेल्या.

समुपदेशनाचे शंभर तास भरल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या आणि माझे सहा कमी पडत होते. मग मी टिपणांपुरती एक बाई बनवली, तासाला एक टिपण. वय बेचाळीस, शिवणकाम करणारी, नवऱ्याशी अबोला. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणून तिची झोपही उडवून टाकली.

मॅडम एकदम मऊ झाल्या. ती खुर्ची दाराकडे वळवून बसते का, रडताना हसते का, असं विचारायच्या. मी सुचेल ते सांगायचे. "हो, तशीच आहे ती," असं त्या पुटपुटायच्या. मला लाज वाटायची, पण कौतुक कोणाला नको असतं?

सहाव्या टिपणात मी लिहिलं की बाईंना आता बरं वाटतंय, त्या येणार नाहीत. एकदाची ब्याद टळली.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं, सही केली आणि भरदुपारी खिडकी लावून घेतली.

"ती आता माझ्याकडे येते," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. जीव द्यायचं बोलतेय."

मी सगळं कबूल केलं. अशी बाई नाहीच, मीच रचलीय, सही खोडून टाका म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"तीही हेच सांगते," त्या म्हणाल्या. "म्हणते, त्या ताईंच्या लेखी मी नाहीच. बाहेर बसलीय ती. आत बोलवा, आणि या वेळी तिचं ऐका."

मी दारापर्यंत गेले. टिपणात कोणाचं नाव लिहायचं नसतं, म्हणून मी तिला नावच ठेवलं नव्हतं. हाक काय मारणार?

मी दार उघडलं. ती आधीच उठून उभी राहिली होती.