सत्यवानाचं दुसरं गाऱ्हाणं

कुडाळकडच्या वालावलच्या सत्यवानाला मोटारीतलं एवढंच कळायचं, की ती जितकी सावकाश तितकी बरी. आणि बघा, नेमकी त्याचीच लेक, तेजस्वी, मोटार शर्यतीत उतरलेली! यंदा पणजीत मांडवीच्या काठाने शर्यत होती. शनिवारी पात्रता फेरी, रविवारी खरी शर्यत. "बाबा, ह्या येळेक येवकच व्हया," तिने फोनवर बजावलं. रविवारी गाडी शेवटपर्यंत पोचली तरच संघ तिला पुढच्या वर्षी ठेवणार होता, नाहीतर रामराम. हे शेवटचं मात्र सत्यवानाच्या डोक्यात शिरलंच नाही. तिथे आधीच भीती ठाण मांडून बसली होती.

निघण्यापूर्वी तो लक्ष्मीनारायणाच्या देवळात गेला. आमच्याकडे देवाजवळ मनातल्या मनात पुटपुटत नाहीत. खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचं आणि सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ते पक्कं करायचं. सत्यवानाने नारळ ठेवला आणि लेकीची गाडी जागची हलूच नये, असं मागणं घातलं. "बा देवा लक्ष्मीनारायणा, माज्या चेडवाची गाडी जाग्यारच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारी बाबली ओरडला. बाबली म्हणजे त्याचा बालमित्र, कशालाही व्हय म्हणणारा.

शनिवारी देवाने ऐकलं. पहिल्याच फेरीत तेजस्वीची गाडी आचके देत बंद पडली आणि क्रेनने उचलून न्यावी लागली. संध्याकाळी ती कुंपणापाशी भेटायला आली. पायात काटा मोडला तरी न रडणारी ही पोर, आज रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उभी.

"उद्या चालू झाली नाय तर सगळा संपला, बाबा. चार वर्सां फुकट."

ती गेल्यावर सत्यवान सोबत आलेल्या बाबलीकडे वळला. "बाबली, ह्या माज्यामुळे झाला रे."

"एकट्या तुज्यामुळे कसा? व्हय मीच म्हटलंय ना!" बाबलीने डोकं खाजवलं. "घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येना. दुसरा घालूचा."

रविवारी सकाळी दोघे नारळ घेऊन प्रेक्षकांच्या गर्दीत शिरले. सूर्य बघून बाबलीने वालावलची दिशा ठरवली. सत्यवान तिकडे तोंड करून उभा राहिला, आणि लाज गुंडाळून ठेवून त्याने आवाज लावला.

"बा देवा लक्ष्मीनारायणा, मागताना ह्या लेकराची चूक झाली. भियान मागलंय. आता तिची गाडी चालांदे, शेवटपर्यंत पोचांदे, आणि चेडवाक सुखरूप माज्यासमोर घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबली गरजला. आणि मागून आणखी वीस-पंचवीस आवाज उठले, "व्हय म्हाराजा!" अर्धं कुडाळ आणि पाऊण मालवण तिथेच येऊन बसलं होतं.

चौदा गाड्या होत्या, पात्रता फेरी अर्धवट राहिल्यामुळे तेजस्वीची सगळ्यांत मागे. पण चालू झाली! गाड्या कानठळ्या बसवत समोरून जात आणि प्रत्येक वेळी सत्यवान नारळ छातीशी आवळून धरी. तेजस्वी अकरावी आली. मागचे लोक पहिल्या नंबरासारखे नाचले.

घामाने निथळत ती आली आणि बापाच्या गळ्यातच पडली. "जागा टिकली, बाबा!"

आता लपवणं सत्यवानाला जमेना. पहिलं गाऱ्हाणं त्याने जसंच्या तसं सांगून टाकलं आणि बोलणी खायला मान खाली घातली.

तेजस्वी रागावली नाही.

"काल नुसती एक वायर तुटलेली," ती म्हणाली. "पण गाडी बंद पडली म्हणान मेकॅनिकान ती सगळी उघडल्यान. तेव्हा ब्रेकची नळी चिरलेली गावली. आणखी दोन फेरे मारलंय असतंय, तर थंयसर, नदीच्या वळणार..."

तिने नुसतं बोट दाखवलं. वळणापलीकडे मांडवी संथ वाहत होती.

सत्यवानाने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. होती, समोर होती, धडधाकट होती. दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला आणि तो भर गर्दीत ढसाढसा रडला. मग डोळे पुसून तो वालावलच्या दिशेला वळला, हात जोडले, पण तोंडातून शब्दच फुटेना.

बाबलीने थोडी वाट पाहिली. मग हात जोडून तोच हळू म्हणाला, "व्हय म्हाराजा."