निळी गोटी

त्या निळ्या काचेच्या गोटीत एक बुडबुडा अडकलेला होता; मधोमध नव्हे, जरा कडेला. त्यामुळे गोटी कशीही टाकली तरी ती थोडी डुलायची आणि बुडबुडा वर आणूनच थांबायची. चिमणीने हे फार पूर्वी हेरले होते. आज गोटी तिच्या मुठीत होती आणि मूठ टेबलाखाली.

"मास्तर, तुझी पाळी," दादा म्हणाला आणि श्वासासाठी थांबला. त्याच्या नाकातली बारीक नळी कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्रापर्यंत गेली होती. यंत्राची घरघर आता या खोलीतल्या कुणालाच वेगळी ऐकू येत नसे.

मास्तर, म्हणजे दादाचे जुने मित्र, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत. "पाळी आहे रे, पण माझा तिरंदाज डाव्या कानानं ठार बहिरा. आणि चिमणाबाईंचे राक्षस बरोबर डावीकडूनच येतात! माझे शिकाऊसुद्धा इतकं नेमकं धडकत नाहीत."

वहिनी हसली. दादा हसला नाही.

रविवार दुपारचा हा खेळ त्यांनी कितीतरी वर्षे चालवला होता. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे; चिमणीने गोष्ट सांगायची, अडचणी उभ्या करायच्या; काय साधले आणि काय फसले ते फाशांनी ठरवायचे. प्रत्येक पात्राने एक कमजोरी पत्करायची आणि तिच्या बदल्यात एक मोठे बळ घ्यायचे. दादा तेव्हा वेल्डिंगच्या कारखान्यात होता. "मी दिवसभर धूर खातो," तो म्हणाला होता, "माझ्या डोंगऱ्याला तरी तो सोसायला नको." म्हणून त्याचा डोंगऱ्या नावाचा पहारेकरी खांद्याने किल्ल्याचे दार अडवून धरू शकायचा, पण धुरात त्याचे बळ गळून जायचे. सगळे तेव्हा पोट धरून हसले होते.

कमजोरीवर वार करायचे तर तीन गोष्टी पाळायच्या. आधी त्या खेळाडूपुढे निळी गोटी ठेवायची, म्हणजे त्याला इशारा मिळेल. शत्रूला ती कमजोरी कशी कळली ते सांगता आले पाहिजे. आणि निसटायला एक वाट ठेवायची. हे नियम दादानेच घालून दिले होते, मास्तरांचा पहिला तिरंदाज काही कळायच्या आत मेला आणि मास्तर रुसून न जेवताच निघून गेले, त्या दुपारनंतर.

दादाची फुप्फुसे निबर होत चालली आहेत हे कळल्यापासून गोटी त्याच्यापुढे आली नव्हती. चिमणीच्या गोष्टीतले शत्रू मशाली आणायचे विसरले. ड्रॅगन आला तोही तोंडातून बर्फ फेकणारा.

"मास्तरच्या कानाला गोटी मिळते," दादा म्हणाला. "माझी कधी?"

"येईल की. गोष्टीत तसं आलं म्हणजे."

"चिमणे, तुझ्या राज्यात लोक... कच्चंच खातात का गं? चूल म्हणून पेटत नाही कुठं."

मास्तर हसायला गेले आणि मधेच चष्मा पुसू लागले.

"मी काय लिंबूटिंबू आहे?" दादाने विचारले.

चिमणीने फासे गोळा केले. लहानपणी दादाच्या टोळीत लिंबूटिंबू ती होती. पकडली तरी चालायचे, चुकली तरी चालायचे, तिच्यावर राज्य कधीच येत नसे. एका संध्याकाळी दादाने सगळ्यांना सांगितले, "आजपासून चिमणी पण आऊट होणार." त्या दिवशी ती पहिल्या फटक्यात आऊट झाली आणि घरी जाऊन आईला अभिमानाने सांगत सुटली.

वहिनी पाणी आणायला उठली, तशी चिमणीही मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"डॉक्टरांचा परत फोन होता," वहिनी नळाकडे बघत म्हणाली. "पुढच्या वेळी धाप वाढली तर घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं का, ते आत्ताच कळवा म्हणाले. ह्यांनी तर केव्हाच नको म्हणून सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, घरातल्यांचंही एकमत हवं, ऐन वेळी ओढाताण नको. माझ्या तोंडून निघत नाही गं. तुला त्यातलं कळतं. तू बोल, मी मान हलवीन."

"मी पाणी तपासते, वहिनी. प्रयोगशाळेत. माणसं नाही."

"तरी."

तिला कळत होते. मशीनवर गेलेला दादा मशीनवरून परत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. डॉक्टरांनी ते तिला सरळ सांगितले होते. तिनेच पुन्हा पुन्हा विचारून घेतले होते.

"बघू," ती म्हणाली. दर वेळी ती हेच म्हणायची.

टेबलाशी परत आल्यावर तिने मूठ उघडली. गोटी दादापुढे ठेवली. ती डुलली, बुडबुडा वर आला.

दादाने खुर्चीत पाठ सरळ केली.

"किल्ल्याचं दार डोंगऱ्यानं खांद्यानं धरलंय," चिमणी म्हणाली. आवाज नेहमीचा ठेवायला तिला कष्ट पडत होते. "मागच्या पुलावरून गावातले लोक पळताहेत, तिरंदाज आणि कुलूपतोडी त्यांच्यासोबत. शत्रूकडे एक मोतद्दार आहे, पूर्वी या किल्ल्यातले घोडे सांभाळायचा. भटारखान्याच्या धुरात डोंगऱ्या चक्कर येऊन पडला होता ते त्यानं पाहिलेलं. आता ते दाराशी ओला पेंढा रचतात. पेटवतात. तुझ्या डावीकडे नदीकडे उतरणारा जिना आहे, मोकळा."

"जिन्यानं गेलो तर?"

"दार पडेल. लोक पुलावर सापडतील."

"थांबलो तर?"

"दर फेरीला बळ निम्मं."

दादाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तो जुना, खोडकर भाव आला. "थांबतो."

"अहो, जा ना जिन्यानं!" वहिनी एकदम म्हणाली. तिची कुलूपतोडी पुलावर होती. पण हे कुलूपतोडी बोलत नव्हती, वहिनीच बोलत होती.

"तू पुलावर आहेस," दादा म्हणाला. "चालत राहा."

त्याला फासे लांब टाकता येत नव्हते. ओंजळीत हलवून तो ते नुसते सोडत होता. पहिल्या फेरीला दार टिकले. दुसऱ्या फेरीला थरथरले, पण टिकले. तिसऱ्या फेरीला एक फासा टेबलाच्या कडेपाशी जाऊन थांबला. अगदी कमी दान.

"कडेला लागला, धरायचा नाही!" मास्तर घाईने म्हणाले. "मी पाहिलं ना. परत टाक, परत टाक."

दादाने मास्तरांकडे पाहिलेच नाही. तो चिमणीकडे बघत होता.

चिमणीने वाकून फासा पाहिला. तो आणि कड यांच्यामध्ये नखभर जागा होती.

"लागला नाही," ती म्हणाली. "डोंगऱ्या गुडघ्यावर येतो. पाठ अजून दाराला. पुलावरचा शेवटचा माणूस पलीकडे पोचतो. मग दार पडतं."

यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"आऊट," दादा म्हणाला. समाधानाने म्हणाला. मग त्याने डोंगऱ्याची सोंगटी स्वतःच्या हाताने आडवी केली, आणि गोटी बोटाने हळूच चिमणीकडे ढकलली.

गोटी घरंगळत आली. चिमणीने हात पुढे केला नाही. ती डुलून, बुडबुडा वर घेऊन तिच्यापुढे थांबेपर्यंत ती बघत राहिली. वहिनी पदराने डोळे दाबत होती.

"वहिनी," चिमणी म्हणाली. "डॉक्टरांना आज मीच फोन करते. नळी घालायची नाही. दादा घरीच राहील."