हवा हळू सोडली तेव्हा

मित्रांनो, मी हवेवर चालणारा एक जुना हायड्रॉलिक पंप आहे. कंप्रेसरची हवा माझ्यात शिरते, मी तेल जोरात पुढे ढकलतो आणि त्या तेलाच्या दाबावर जॅक भरलेली गाडी उचलतो. माझी जुळणी एका कारखान्यात झाली. आयुष्य मात्र गेलं शहापूरजवळ, अनिल आणि त्याचा धाकटा भाऊ महादू यांच्या गॅरेजात.

डोळखांबची रंजिता तिथे मेकॅनिक होती. मला चालू करण्याआधी ती तेल पाहायची, नळ्या तपासायची, हवेचा दाब शून्यावर आणायची. महादू तिला हसायचा.

एका दुपारी भाताच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली स्टँडवरून घसरली आणि महादूचा पाय तिच्या ॲक्सलखाली सापडला. अनिलने मला ओढत आणलं, घाईघाईने नळी जोडली, जॅक खाली सरकवला आणि हवेच्या चावीला हात घातला.

"थांब दादा, नळी बघू दे," रंजिता म्हणाली.

"टाइम नाय. भाऊ अडकलाय माझा."

"अर्ध्यात नळी सुटली, तर ट्रॉली परत त्याच्यावरच येल."

अनिलने चावी सोडली. नळीची जोडणी खरोखरच अर्धवट बसली होती. रंजिताने ती पान्याने घट्ट केली. मग तेल टाकीत परत नेणारा व्हॉल्व उघडा ठेवून तिने मला जेमतेम हवा दिली. मी संथ ठोके देऊ लागलो. तेलात अडकलेली हवा टाकीतून निघून गेली.

"पायाला काय लागतच नाय आता," महादू हळूच म्हणाला.

रंजिताने व्हॉल्व बंद केला आणि दाब बेताबेताने वाढवला. ट्रॉली बोटभर उचलली की अनिल लाकडी ठोकळा सरकवायचा. पुन्हा बोटभर, पुन्हा ठोकळा. शेवटी त्याने भावाला काखेत धरून बाहेर ओढलं.

महादूच्या पायाची दोन बोटं गेली, पण पाय राहिला.

आता गॅरेजात नवा पंप आहे. माझी रबरी सीलं सुकली आहेत आणि मी जुन्या टायरांमागे पडून असतो. नवा पंप महादूच चालू करतो. एखादं गिऱ्हाईक घाई करू लागलं, तर तो चपलेतून पाय काढून दाखवतो आणि पुन्हा नळी तपासू लागतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना समोर कोण आहे ते दिसत नाही. हवा मिळाली की आम्ही जोर लावतो. तेवढं बघणं तुमच्याकडे असू द्या.