मेन बंद करून दाखवतो

मित्रांनो, जगातला अंधार ज्या थोड्या महान शक्तींनी थोपवून धरला आहे, त्यांच्यापैकी मी एक आहे. माझा पत्ता: जिन्याखाली, चपलांच्या शेजारी, ओल्या मोज्याखाली.

मी एक जुनी बॅटरी आहे आणि मी चिडलेली आहे. का, ते सांगते. मध्ये कोणी हात वर करू नका.

माझा जन्म कारखान्यातला. सहा खण, शिशाच्या पट्ट्या आणि खणाखणात आम्ल. म्हणजे पोटातली जळजळ उपजतच. तिचा या गोष्टीशी संबंध नाही. या घरी मी आले ती आजींसाठी. त्यांची फुफ्फुसं थकली होती. उशाशी ऑक्सिजनचं मशीन होतं, आणि ते विजेवर चालायचं. वीज गेली की आजींचे ओठ निळे पडायला लागत.

शेजारचे वायरमनकाका म्हणाले होते, "मी येतो की, दोन तासांचं काम आहे."

आजींचा मुलगा, म्हणजे या घरातले बाबा, म्हणाले, "नको. मी सात व्हिडिओ पाहिलेत."

खोटं कशाला बोलू, बाबांनी काम नेटकं केलं. जाड वायर, मध्ये फ्यूज, माझ्या शेजारी इन्व्हर्टर. सगळा हिशोब एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला: मशीन, एक पंखा, एक दिवा, तीन तास. तळाशी लिहिलं, पुन्हा भरायला दहा तास. पहिल्याच आठवड्यात दीड तास वीज गेली आणि आजींना पत्ताही लागला नाही. संध्याकाळी त्या काठी टेकत जिन्यापर्यंत आल्या, माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गुणाची गं बाई माझी." मला मिळालेलं कौतुक तेवढंच. बाकीचं सगळं बाबांना मिळालं.

आणि तिथेच घात झाला. बाबांना चटक लागली. घरात कोणीही येवो, चहा नंतर, आधी प्रयोग. "थांबा, मेन बंद करून दाखवतो." की मुख्य स्विच खाली आणि सगळं घर माझ्यावर. विमावाल्याला दाखवलं. आईंच्या मावसबहिणीला दाखवलं. पत्ता चुकून आलेल्या एका गृहस्थांना दाखवलं. ते बिचारे दाराशी चप्पल काढायलाही तयार नव्हते. प्रयोग रंगावा म्हणून माझ्यावर टीव्ही आला, मिक्सर आला, एकदा तर इस्त्री आली. भिंतीवरच्या कागदावर तोवर छत्री लटकायला लागली होती.

पाण्याचीही तीच तऱ्हा. मला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी लागतं. ते संपलं तेव्हा आईंनी पिण्याचं पाणी उकळून गार केलं आणि माझ्यात ओतलं. "अहो, नळाचं नाही ओतलं, चांगलं उकळलंय." तान्ह्या बाळाला चालतं ते. मी तान्हं बाळ नाही.

मग तो रविवार उजाडला. सकाळपासून तीन पाहुणे झाले. तिसऱ्यांना बाबांनी मॅचचा सगळा उत्तरार्ध माझ्या जिवावर दाखवला. पाहुणे गेले, मेन चालू झाला, आणि वीस मिनिटांत वीज खरोखरची गेली.

"घाबरू नका," बाबा म्हणाले, "आपली बॅटरी आहे."

चौथ्या मिनिटाला इन्व्हर्टर केकाटला. सहाव्या मिनिटाला मी बसले. आजींच्या खोलीतली मशीनची घरघर थांबली आणि त्यांचा श्वास मला जिन्याखाली ऐकू यायला लागला. तोवर तो कधी ऐकू आला नव्हता. बाबा बटणं दाबत होते, वायरी हलवत होते. मी सगळं ऐकत होते आणि माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. जे होतं ते मॅचमध्ये गेलं होतं.

आई अनवाणी शेजारी धावल्या. वायरमनकाकांनी आपल्या घरच्या बॅटरीवरून लांब वायर खिडकीतून आत टाकली. घरघर पुन्हा सुरू झाली.

मग बाबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बॅटरीच खराब निघाली हो. भंगारात देतो उद्या."

मित्रांनो, माझ्यात त्या वेळी एक थेंब जरी वीज असती, तरी मी ती कुठे वापरली असती ते सांगत नाही.

काका माझ्यापुढे उकिडवे बसले. झाकणं उघडली, टॉर्च मारून आत पाहिलं. "पाण्याची बोंब आहे, पण बॅटरी खराब नाही. उपाशी आहे. सकाळपासून किती चालवलीत?"

"छे, वीज तर आत्ताच गेली."

आतून आजींचा आवाज आला. दम लागला होता, पण शब्द स्पष्ट होते. "तीन पाहुणे."

काकांनी शांतपणे झाकणं लावली. "बरं झालं मला आज चहाला बोलावलं नाहीत. चार झाले असते."

तर मित्रांनो, माझ्यात साठवलेलं असतं ते मिरवायला नसतं. ते एका माणसाच्या श्वासासाठी राखलेलं असतं. कागद लिहिलाय तर वाचा. मला हवं ते पाणी द्या. मेन म्हणजे खेळणं नाही. माझी चूक असेल तर मला बोला, तुमची असेल तर स्वतःला बोलून घ्या.

आणि हे सगळं एकदम जमत नसेल, तर निदान माझ्यावर वाळत टाकलेला तो मोजा तेवढा काढा. एकच आहे.