अंगठ्याचा डाग

धाकट्या लेकाचं, मलिकाचं, लग्न झालं त्या साली शमशुद्दीन शिकलगाराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शाहू महाराज गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, आणि थोरल्या लेकाला, सिकंदरला, प्लेगात जाऊन सात-आठ.

पेठेतल्या मंडळींनी वाचनालयामागच्या दालनात जुन्या वस्तू मांडल्या होत्या. कुणी ताम्रपट दिला, कुणी आजोबांची ढाल. दालन सांभाळणारे धनपाल अण्णा घरोघर फिरून वस्तू मागत, वर्गणी घेऊन सभासद करत.

"अण्णा, वर्गणीची आपली ऐपत न्हाय," शमशुद्दीन म्हणाला होता. "त्यापरीस माझं हात घ्या. दर दसऱ्याला समदी हत्यारं फुकट उजळून देतो."

"आणि वस्तू?"

तेव्हा त्याच्या बायकोनं, लालबीनं, पेटीतून कट्यार काढली. शमशुद्दीनच्या आज्याची. सिकंदरच्या हाताला फार घाम. त्यानं धरलेलं पोलाद दुसऱ्या दिवशी गंजायचं. "शिकलगाराचं पोर न्हवं, मिठागरातलं हाय," बाप चिडवायचा. अखेरच्या तापात पोरानं ही कट्यार सोडली नव्हती. पात्यावर त्याचा अंगठा उमटला, तो तसाच राहिला.

"घरात ऱ्हायली तर ह्यांचा हात एक दिवस फिरणारच," लालबी म्हणाली. "तुमच्या काचंत ठेवा. पुसू नगासा."

अण्णांनी शब्द दिला. सभासदाची बायको म्हणून लालबी दर शुक्रवारी जाऊन काचेसमोर उभी राहायची.

"लालबी, तकडं राजाची तलवार हाय, ती बी बघ की!"

"राजाची राजाच्या आईनं बघावी, अण्णा."

मोतीबिंदू उतरला त्या सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णा हातकणंगल्याला लेकीकडे गेले होते. नवा शिपाई कृष्णात हत्यारं काढून देत होता. मुठींना तेल लागू नये म्हणून त्यानंच त्या जाड चिंध्यांनी बांधून दिल्या होत्या. दिसत नसलं तरी शमशुद्दीनचे हात चालत होते.

"चाचा, ही लई गंजलीया. नीट घासा."

पात्यावर अंगठ्याखाली खरखर लागली. "कोन येडं असं ठेवतंय!" म्हणत शमशुद्दीननं कुरुंदाची पूड घेतली आणि जीव लावून घासलं. खरखर गेली. पातं गुळगुळीत झालं. मग त्यानं मुठीवरची चिंधी सोडली. मुठीची एक बाजू वाकलेली होती. आज्याच्या हातून पडून वाकलेली.

त्यानं पातं खिडकीकडे धरलं. डोळ्यांपुढे नुसतं धुकं.

"कृष्णात, पात्यावर काय दिसतंय रं?"

"काय न्हाय की, चाचा. आरसा केलासा. माजं तोंड दिसतंय."

"नीट बघ. कडंला?"

"कडंला बी न्हाय. झ्याक झालंय."

शुक्रवारी तो लालबीच्या मागोमाग गेला आणि दारातच थांबला. ती काचेपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. पदरानं तिनं काच पुसली. पुन्हा पुसली. मग वळली आणि त्याचा हात धरला, कारण पायऱ्या त्याला दिसत नसत.

"चला," ती म्हणाली. "हितं उंबरा हाय, जपून."

घराशी आल्यावर तिनं त्याचा उजवा हात उलटा केला, अंगठ्याच्या भेगांत कुरुंदाची गंजानं तांबूस झालेली पूड अजून बसली होती ती पदरानं टिपली, आणि पदराचं ते टोक कमरेला खोचलं.

त्यानंतर त्यानं हत्याराला हात लावला नाही. शमशुद्दीन पुढच्या वर्षी भादव्यात, दसऱ्याआधी वारला.