पांढरी पट्टी

मला ओल्या विभागात पाठवलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे आधीच कबूल करते. बावीस वर्षं मी कोरड्या विभागात काढली आहेत. कुत्र्यांच्या खाण्याच्या गोळ्या कशा होतात ते मला विचारा! पीठ आणि मांसाची पूड वाफेवर शिजवत दाबून बाहेर काढायची, तुकडे पाडायचे, भट्टीत वाळवायचे, वर चरबी चोळायची आणि मग पिशवीत. दर अर्ध्या तासाला मी एक गोळी बोटांनी मोडून बघते. कट्‌ आवाज आला तर ठीक, दबली तर ओल राहिली. यंत्र मागाहून सांगतं, माझी बोटं आधी सांगतात. आणि पिशवीचं तोंड बंद झालं की माल तयार, पुढे ढकला.

आमची भट्टी दुरुस्तीला निघाली म्हणून महिनाभर मला इकडे आणलं. "लगदा डब्यात कोंबायचा, झाकण लावायचं, झालं! यात कसलं आलंय कसब?" हे मी पहिल्याच दिवशी कुकरकाकांना ऐकवलं. खोलीएवढा कुकर चालवतात म्हणून त्यांना सगळे तसंच म्हणतात. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते.

काका हसले. "झालं कसलं? तुम्ही शिजवून बंद करता, आम्ही बंद करून शिजवतो. झाकण लागलं की आमचं काम सुरू होतं." मग त्यांनी डब्यांच्या गाडीवरची पांढरी पट्टी दाखवली. कुकरमध्ये पुरेशी उष्णता लागली की ती काळी पडते. "इथं बोटांना काही कळत नाही बघ. पट्टीला कळतं."

मी मान डोलावली. नुसतीच डोलावली.

चौथ्या दिवशी दुपारी काका कुकरच्या झडपेशी झटापट करत होते. बाजूला गाडी उभी होती, डबे बंद आणि चकचकीत. बंद माल दिसला आणि माझ्या हातांनी तो सवयीनं लेबलांकडे ढकलला. वाटेत गाडी खांबाला आदळली, दोन डब्यांना पोचे पडले. काकांनी तिकडूनच विचारलं, "चौथी गाडी झाली का गं?"

"झाली," मी म्हणाले.

पोचे पडलेले डबे विकत नाहीत. काकांनीच ते माझ्या पिशवीत टाकले. माझ्या सासऱ्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला एक दात उरलेला नाही. त्याचा थाट बघून घरात त्याला साहेब म्हणतात, आणि साहेबांना मऊच लागतं, हे मी काकांना सांगितलं होतं.

पाचच्या सुमाराला सासऱ्यांनी डबा उघडला. "सूनबाई, आज हे असं काय? रोज सुरीनं कापावं लागतं, हे तर ताटलीत पळतंय."

मी बघितलं. गुलाबी, पातळ लगदा. कच्चा. म्हणजे मी ढकललेली गाडी कुकरमध्ये गेलीच नव्हती.

ट्रक सहाला सुटतो. गाडी ढकलताना मला कुणी बघितलं नव्हतं, हा विचार माझ्या मनात आला. आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. बावीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही. पण तो कच्चा माल दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने हवाबंद बसणार होता. त्यात जे विष तयार होतं त्याला कधीकधी वासही नसतो. कुणीतरी लाडानं डबा उघडेल आणि कुणाच्या तरी साहेबांपुढे ठेवेल.

कारखान्याचा फोन कुणी उचलेना. मी ताटली साहेबांसमोरून ओढली, तशीच चप्पल अडकवली आणि धावत बस गाठली. प्रत्येक सिग्नलला मी बसच्या ड्रायव्हरला मनात शिव्या घातल्या. फाटकातून शिरले तेव्हा ट्रक सुरू झालेला होता. मी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

रिकामी गाडी लेबलांच्या कोपऱ्यात सापडली. पट्टी पांढरीशुभ्र होती.

माल उतरवला. इतका वेळ तसाच राहिलेला लगदा परत शिजवून चालत नाही, सगळा नष्ट करायला निघाला. विभागाच्या मॅनेजर मॅडमनी विचारलं, "ही गाडी ढकलली कोणी?"

"मी," म्हणाले आणि मला एकदम हलकं वाटलं. आता बोलणी बसतील, कामावरून काढतील, काढू देत.

पण मॅडमनी नोंदवही मागवली. प्रत्येक गाडीची काळी पट्टी काढून वहीत चिकटवायची आणि मग शेजारी सही करायची, असा नियम. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही काळ्या. चौथ्या ओळीत पट्टीची जागा रिकामी होती. शेजारी काकांची सही होती.

"मीच त्यांना झाली म्हणून सांगितलं," मी ओरडलेच. "त्यांचा काही दोष नाही!"

"तिनं सांगितलं," काका शांतपणे म्हणाले, "पण बघायचं मी होतं. बावीस वर्षं काम केलेली बाई आहे, म्हटलं कशाला उठून बघा."

चौकशी होईपर्यंत कुकरला हात लावायचा नाही, असं मॅडमनी त्यांना सांगितलं. मला म्हणाल्या, "तू वेळेवर आलीस म्हणून बरं. उद्या कामावर ये."

घरून निघाले तेव्हा जे जाईल ते माझं जाईल, असंच मी धरून चालले होते. मला काकांकडे बघवेना. त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले आणि दारापर्यंत जाऊन मागे वळले.

"साहेब उपाशी असतील गं," ते म्हणाले. "तुमच्या कोरड्या गोळ्याच दे आज. कोमट पाण्यात तासभर भिजव, आणि वाढायच्या आधी दाबून बघ."